खंडग्रास ग्रहण आणि तिपाईमागचे दोन तास

खग्रास सूर्यग्रहणाचे छायाचित्र काढणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम दोन-चार मिनिटे येतात, आणि त्या मिनिटांसाठी लोक महिनोन्महिने सराव करतात. कॅमेऱ्याचे प्रत्येक बटण अंधारात सापडेल इतकी बोटांना सवय लावून घेतात. खंडग्रास ग्रहण स्पर्शापासून मोक्षापर्यंत, म्हणजे लागल्यापासून सुटेपर्यंत, बहुतेकदा दोन तासांच्या आसपास चालते. त्यात हुकलेली फ्रेम पुन्हा घेता येते, फिल्टर काढण्या-घालण्याची धांदल नसते, आणि बहुधा याच कारणाने त्याची तयारी कोणी फारशी मनावर घेत नाही. ग्रहण लागल्याचे कळले की कॅमेरा बाहेर काढायचा, कोरीचे एखादे चित्र टिपायचे आणि आपापल्या कामाला लागायचे, एवढेच त्याच्या नशिबी येते.

वास्तविक माणसांनी पाहिलेली बहुतांश सूर्यग्रहणे खंडग्रासच असतात. फ्रेड एस्पेनक आणि जाँ मेउस या ग्रहणांचे गणित करणाऱ्या खगोलअभ्यासकांनी इ.स.पूर्व २००० ते इ.स. ३००० या पाच हजार वर्षांचे जे गणित मांडले आहे, त्यात एकूण ११,८९८ सूर्यग्रहणे येतात आणि त्यांपैकी ४,२०० पृथ्वीवर कोठूनही पाहिली तरी खंडग्रासच दिसणारी आहेत. उरलेल्या खग्रास आणि कंकणाकृती ग्रहणांचा पट्टाही अरुंद असतो. त्या पट्ट्याबाहेरच्या विस्तीर्ण प्रदेशातल्या लोकांना दिसते ते खंडग्रासच. एकाच जागी बसून खग्रास ग्रहण पाहायचे ठरवले, तर सरासरीने ३७५ वर्षांतून एकदा योग येतो. उलट खंडग्रास ग्रहण कोणत्याही गावाच्या आकाशात दोन-तीन वर्षांच्या सरासरीने येऊन जाते. म्हणजे ज्याला सूर्यग्रहणाची छायाचित्रे काढायची आहेत त्याने हाताशी येणाऱ्या या ग्रहणाकडे दुय्यम म्हणून पाहणे परवडणारे नाही.

अडचण वेगळीच आहे. काळ्या पार्श्वभूमीवरची नारिंगी सूर्यकोर कोणीही, कोठूनही, कोणत्याही कॅमेऱ्याने टिपली तरी सारखीच दिसते. शंभर जणांची शंभर चित्रे शेजारी मांडली, तर त्यातले आपले कोणते हे आपल्यालाही सांगता येणार नाही. पुष्कळ ग्रहणे या पद्धतीने टिपून झाल्यावर माझे मत असे बनले आहे की, खंडग्रास ग्रहणात छायाचित्रकाराच्या हाती खरोखर दोनच गोष्टी असतात: उभे कोठे राहायचे आणि शटर केव्हा दाबायचे. बाकी सगळे चंद्र-सूर्य ठरवतात. त्यामुळे इथे नियोजन हे छायाचित्रणाच्या आधीचे काम राहत नाही. चित्राची रचना नियोजनातच होऊन जाते.

नियोजनाची सुरुवात वेळांपासून होते. ग्रहणाच्या वेळा जागतिक वेळेत दिलेल्या असतात आणि त्या आपल्या घड्याळात उतरवताना तारीखसुद्धा बदलू शकते. २१ सप्टेंबर २०२५ या तारखेने ओळखले जाणारे खंडग्रास ग्रहण न्यूझीलंडमधून दिसले ते तिथल्या २२ तारखेच्या सकाळी. शिवाय स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा गावागावाला वेगळ्या असतात, कारण चंद्र इतका जवळ आहे की पृथ्वीवरची जागा थोडी सरकली तरी सूर्यासमोरचे त्याचे स्थान बदलते. आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश देऊन काढलेल्या वेळा सेकंदाच्या हिशेबात विश्वासार्ह असतात. या वेळांबरोबरच मी प्रत्येक टप्प्याला सूर्याचे उन्नतांश आणि दिगंश लिहून ठेवतो, म्हणजे क्षितिजापासून तो किती वर असेल आणि कोणत्या दिशेला. सगळ्या आकडेवारीत हे दोन आकडे मला सर्वांत मोलाचे वाटतात. सूर्य एखाद्या कड्याच्या, मनोऱ्याच्या किंवा झाडाच्या शेजारी येणार की माथ्यावर एकटा लटकणार, ते त्यांवरून कळते.

ग्रासमानाचा आकडा मात्र फसवा असतो. ग्रासमान सूर्यबिंबाच्या व्यासाचा किती भाग झाकला गेला हे सांगते, क्षेत्रफळाचा नव्हे. ग्रासमान ०.५ असेल तर बिंबाचा अर्धा भाग झाकला जाईल असे वाटते, पण प्रत्यक्षात क्षेत्रफळाचा सुमारे ३९ टक्के भागच झाकला जातो; ग्रासमान ०.८ असताना तो सुमारे ७५ टक्के होतो. बातम्यांत कधी एक आकडा येतो, कधी दुसरा, आणि कोणता ते सांगितलेले नसते. छायाचित्रकाराने हा हिशेब स्टॉपच्या भाषेत करून पाहावा; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे. बिंब अर्धे झाकले की उजेड एका स्टॉपने उतरतो, तीन-चतुर्थांश झाकले की दोन स्टॉपने. दोन स्टॉप म्हणजे काहीच नव्हे. पातळसा ढग सूर्यावरून गेला तरी तेवढा फरक पडतो. आणि डोळा या बदलाशी इतक्या सावकाश जुळवून घेतो की रस्त्याने जाणाऱ्याला अर्धे ग्रहण लागल्याचा पत्ताही लागत नाही. ग्रासमान नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले की मगच उन्हाला तो विचित्र, विझत चाललेल्या धातूसारखा रंग येतो.

आता सूर्याच्या आकाराविषयी. आकाशात सूर्यबिंबाचा व्यास अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या रुंदीच्या निम्माच. सेन्सरवर पडणाऱ्या बिंबाचा व्यास काढायचा तर लेन्सच्या फोकल लांबीला ११० ने भागावे. २०० मिलिमीटरच्या लेन्सने दोन मिलिमीटरही न भरणारा ठिपका मिळतो, ४०० ने साडेतीन मिलिमीटरच्या थोडे वर आणि १००० ने नऊ. फुलफ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते हे लक्षात घेतले, म्हणजे लांब लेन्ससाठी लोक एवढे का झुरतात ते कळते. तरीही हा हव्यास फार ताणू नये असे माझे मत आहे. सौरडाग आणि चंद्राची खडबडीत कडा पाहायची असेल तर हजार मिलिमीटर हवेत. ग्रहण पाहत असलेली जमीनही चित्रात हवी असेल तर तीच लेन्स अडसर ठरते.

फिल्टरच्या बाबतीत मात्र मताला जागा नाही. खंडग्रास ग्रहणात असा एकही क्षण येत नाही की ज्या वेळी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे सुरक्षित असते. बिंबाचा एक टक्का भाग उरला असला तरी तो पौर्णिमेच्या चंद्राच्या काही हजार पट तेजस्वी असतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, म्हणून इजा होत असताना काहीच जाणवत नाही आणि दिसण्यातला दोष काही तासांनी लक्षात येतो. डोळ्यांसाठी आयएसओ १२३१२-२ या मानकाचे चष्मे चालतात, पण ते चष्मे घालून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहणे घातक आहे, कारण लेन्सने एकवटलेला प्रकाश तो पडदा जाळून डोळ्यापर्यंत पोहोचू शकतो. फिल्टर नेहमी लेन्सच्या पुढे, सूर्याच्या बाजूला हवा. नेत्रिकेवर बसवायचे जुन्या दुर्बिणींचे छोटे काचेचे फिल्टर तापून तडकतात. डोळ्यांनीही पाहायचे असेल तर प्रकाशीय घनता ५ असलेला, म्हणजे प्रकाशाचा एक लक्षांश भागच आत सोडणारा फिल्टर घ्यावा. ३.८ घनतेची फिल्म केवळ छायाचित्रणासाठी असते, आणि ती लावली असताना चित्र पाठीमागच्या पडद्यावरच पाहायचे असते. निसर्गचित्रांसाठी विकले जाणारे, नुसता उजेड कमी करणारे साधे एनडी फिल्टर अवरक्त किरण अडवतीलच याची खात्री नसते. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, सीडी यांची नावे अजूनही ऐकू येतात. ती ऐकून सोडून द्यावीत.

फिल्टर बसवण्याआधी तो तेजस्वी दिव्यासमोर धरून सुईच्या टोकाएवढे छिद्रही नाही ना हे पाहावे, आणि वाऱ्याने उडणार नाही अशा बेताने त्याच्या कडा चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात. फिल्म थोडी सुरकुतलेली असली तर बिघडत नाही, ताणून बसवली तर मात्र प्रतिमा बिघडते. रंगाचेही आधीच ठरवावे. काळ्या पॉलिमरच्या फिल्टरमधून सूर्य नारिंगी दिसतो, चंदेरी फिल्ममधून पांढरा, किंचित निळसर. सूर्य मुळात पांढराच आहे. पण नारिंगी सूर्यच लोकांना खरा वाटतो, आणि तिथे कोणाशी वाद घालावा असे मला वाटत नाही.

या सगळ्याची रंगीत तालीम ग्रहणाच्या आधीच्या कोणत्याही निरभ्र दिवशी, त्याच जागी, त्याच वेळी करता येते, आणि खंडग्रास ग्रहणाचे हेच मोठे सुख आहे. ग्रस्त सूर्याचा उरलेला भाग नेहमीच्या सूर्याइतकाच उजळ असतो, त्यामुळे आदल्या दिवशी पूर्ण बिंबावर जमलेले एक्स्पोजर ग्रहणातही जवळपास तसेच लागू पडते. ५ घनतेच्या फिल्टरसह आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवले तर शटर १/४०० सेकंदाच्या आसपास येते. फिल्टरच्या जातीनुसार ते खाली-वर होते. सूर्यबिंब कडेकडे मंद होत जाते, म्हणून कोर अगदी बारीक झाली की एखादा स्टॉप वाढवावा लागतो. सूर्याभोवतीचा काळा अवकाश पाहून कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर मात्र गोंधळते आणि बिंब जाळून पांढरेफटक करते, तेव्हा सगळे मॅन्युअलवर असलेले बरे.

फोकसवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. ऑटोफोकस बंद करून लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र दहापट मोठे करायचे आणि पडद्यावर कापड घेऊन एखाद्या सौरडागावर डोळा रोवायचा. हवा तापलेली असली की बिंबाची कडा उकळत्या पाण्याच्या पृष्ठभागासारखी सतत हलत असते. फोकसची रिंग केसभर पुढे-मागे करताना मध्येच एखाद्या क्षणी ती थांबते, डागाचा काळा गाभा आणि त्याभोवतीची करडी झालर वेगवेगळ्या दिसतात, आणि पुन्हा सगळे थरथरू लागते. ज्या ठिकाणी तो क्षण सर्वांत स्वच्छ दिसतो तिथे रिंग चिकटपट्टीने बांधून टाकायची. उन्हात लेन्स तापत जाते तसा फोकस सरकतो, म्हणून दर अर्ध्या तासाने ही पट्टी सोडून पुन्हा तेच करावे लागते. सूर्यावर त्या दिवशी एकही डाग नसला तर बिंबाची कडा घ्यावी; ग्रहण लागल्यावर चंद्राची कडा मिळते आणि ती सूर्याच्या कडेपेक्षा कितीतरी धारदार असते.

स्पर्शाचा क्षण गणिताने सेकंदापर्यंत ठाऊक असतो, पण दिसत नाही. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेल्या चित्रात चंद्र सूर्यावरून मिनिटाला दहा-पंधरा पिक्सेलच पुढे सरकतो, त्यामुळे घड्याळाने स्पर्श झाला म्हटले तरी कडा तितकीच गोल असते. मग तिच्या एका ठिकाणी सपाटी आल्यासारखी वाटते, ती हवेची थरथर असावी असे वाटून आपण वाट पाहतो, आणि पुढच्या फ्रेममध्ये ती सपाटी जागची हललेली नसते. यानंतर चंद्राची कडा एकेका सौरडागापाशी येते, आणि आतापर्यंत काळाकुट्ट भासणारा डाग चंद्राच्या शेजारी एकाएकी तपकिरी, उजळ दिसू लागतो. डाग काळा नसतोच. भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा थंड असल्याने तो तसा भासतो, आणि खरा काळोख शेजारी आला की त्याचे बिंग फुटते. हा प्रसंग मिनिटभरात संपतो, तेवढ्यात लागोपाठ फ्रेम घ्याव्यात. खंडग्रास ग्रहणात घाई करण्याजोगी जागा असेल तर हीच.

तिपाईवर सूर्य स्थिर राहत नाही. पृथ्वीच्या फिरण्याने तो तासाला १५ अंश, म्हणजे दर दोन मिनिटांनी स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. ४०० मिलिमीटरला मध्यभागी आणलेला सूर्य दहा मिनिटांत फ्रेमच्या कडेला जातो. इतक्या वेगवान शटरला ही हालचाल जाणवत नाही, तेव्हा माग घेणारे यंत्र नसले तरी चित्र अस्पष्ट होण्याची भीती नसते, अधूनमधून तिपाईचे डोके फिरवावे लागते एवढेच. सूर्य डोक्यावर असला की ते डोकेही पुरेसे मागे झुकत नाही आणि पडदा पाहायला जमिनीवर बसावे लागते. हे त्या दिवशी कळण्यापेक्षा तालमीत कळलेले बरे.

ढगांविषयी लोक उगाच हळहळतात. दाट ढग असले तर काही इलाज नाही, पण विरळ ढगांतला ग्रस्त सूर्य निरभ्र आकाशातल्या सूर्यापेक्षा मला नेहमीच जास्त आवडला आहे, कारण त्यात त्या दिवसाचे हवामान उतरते. त्या वेळी एक्स्पोजर दोन ते चार स्टॉपने वाढवावे लागते, आणि फिल्टर काढून टाकण्याचा मोह होतो. ढग कोणत्याही क्षणी फाटतो, आणि तोपर्यंत डोळा व्ह्यूफाइंडरला असेल तर पुढचे सांगायला नको.

जागेची निवड खऱ्या अर्थाने फळाला येते ती क्षितिजाजवळ. ग्रस्तोदय किंवा ग्रस्तास्त असेल, म्हणजे सूर्य ग्रहण लागलेल्या अवस्थेतच उगवणार वा मावळणार असेल, तर लांब लेन्समध्येही सूर्य आणि जमीन एकत्र येतात. २९ मार्च २०२५ च्या ग्रहणाचे कमाल ग्रासमान ०.९४ च्या जवळ होते, आणि उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून ते सूर्योदयालाच दिसल्याने पाण्यातून आधी कोरीची दोन टोके शिंगांसारखी वर आली. ही शिंगे वर येणार की कोर कलती उगवणार, हे आधी काढता येते. चंद्र सूर्यबिंबावर पश्चिमेच्या बाजूने शिरतो. उगवत्या सूर्याची पश्चिम बाजू वर असते आणि मावळत्याची खाली, म्हणून विषुववृत्ताच्या जवळपासच्या अक्षांशांवर सकाळच्या ग्रहणाला साधारण वरून सुरुवात होते आणि संध्याकाळच्या ग्रहणाला खालून. क्षितिजावर वातावरण बिंबाला सुमारे ३४ कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उचलून धरते, आणि खालची कडा वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली गेल्याने सूर्य सुमारे सहाव्या हिश्शाने चपटा दिसतो. दूरच्या टेकडीवरचे झाड सूर्याएवढे हवे असेल तर त्याच्या उंचीच्या ११० पट अंतरावर उभे राहावे: दहा मीटरच्या झाडासाठी अकराशे मीटर.

सूर्याकडे पाठ करूनही ग्रहण टिपता येते, आणि ते काम फार कमी लोक करतात. झाडाखालच्या सावलीत एरवी पडणारे उन्हाचे गोल कवडसे म्हणजे पानांमधल्या फटींनी पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमाच असतात. ग्रहणात त्या सगळ्या एकाच वेळी कोरी होतात. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नांत पाने, चाळणी आणि एकमेकांत गुंतवलेली बोटे यांतून ग्रहणात कोरीच का पडतात असे विचारलेले आहे, आणि छिद्र लहान असेल तरच असे का होते याची नीट उकल अकराव्या शतकात इब्न अल्-हैथमने केली. हिशेब पुन्हा तोच: फट जितकी उंच तितक्या अंतराला ११० ने भागायचे. तीन मीटरवरच्या पानांतून पावणेतीन सेंटिमीटरची कोर पडते, आणि ती फिकट, एकसारख्या रंगाच्या जमिनीवर उठून दिसते, पालापाचोळ्यावर हरवते. उजेड उतरताना दाखवायचा असेल तर कॅमेरा एखाद्या साध्या दृश्याकडे वळवून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स स्पर्शापूर्वीच पक्के करावेत आणि मोक्षापर्यंत त्यांना हात लावू नये. स्वयंचलित कॅमेरा प्रत्येक चित्र सारखेच उजळ करून ग्रहण पुसून टाकतो. मोबाइलवर काढलेल्या ग्रहणकाळच्या अंगणात काहीच वेगळे दिसत नाही ते यामुळेच.

राहिली ती मालिका. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे फुलफ्रेमवरचे आडवे क्षेत्र सुमारे ४० अंशांचे असते आणि दोन तासांत सूर्य जास्तीत जास्त ३० अंश चालतो, म्हणजे संपूर्ण ग्रहण एका न हलवलेल्या चौकटीत मावते. दर पाच मिनिटांनी एक चित्र घेतले तर दोन बिंबांमध्ये दीड व्यासाएवढी मोकळी जागा राहते, ती डोळ्याला बरी वाटते. जमिनीचे चित्र त्याच तिपाईवरून, सूर्य चौकटीबाहेर गेल्यावर फिल्टर काढून घ्यायचे आणि सगळी चित्रे एकावर एक बसवायची. अशा मालिकेत सूर्य अर्ध्या मिलिमीटरएवढाच उमटतो, आणि तो लहान वाटतो म्हणून हजार मिलिमीटरने घेतलेले बिंब कापून तिथे चिकटवण्याची आता पद्धत पडली आहे. इमारतीएवढ्या कोरींची माळ दिसायला भव्य असते हे खरे, पण तशी माळ त्या आकाशात कधीच नव्हती. मला त्या चित्रांचा राग येत नाही, ती ग्रहणाची छायाचित्रे म्हणून दिली जातात याचा येतो. मी माझ्या चित्रांखाली प्रत्येक फ्रेमची जागतिक वेळ, लेन्सची फोकल लांबी आणि फिल्टरची घनता लिहितो, आणि जमीन वेगळ्या वेळी घेतली असेल तर तेही. कोणाला पडताळून पाहायचे असेल तर सेन्सरवरच्या बिंबाचा व्यास काढून त्याला ११० ने गुणावे. लिहिलेली लेन्स निघाली पाहिजे.